बसऱ्याची दलदल: कोण गेलं, कोण परतलं

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. दोन भाषांच्या पुस्तकांत ये-जा करताना मुलांचा कधी कधी मजेशीर गोंधळ उडतो. मध्यंतरी एका मुलीनं विचारलं, "सर, उर्दूत दजला आणि फुरात आहेत, मराठीत टायग्रिस आणि युफ्रेटिस. म्हणजे तिथं एकूण चार नद्या होत्या का?" वर्ग हसला. दोनच नद्या, नावं चार, असं मी सांगितलं. त्यावर ती जरा गंभीर होऊन म्हणाली, "मग मोहरमची फुरात तीच?" हो, तीच. आपल्या मोहल्ल्यात सबीलवर सरबत वाटतात ते ज्या तहानेच्या आठवणीत, ती तहान याच नदीच्या काठावरची.

तिला एवढं सांगून मी पुढच्या धड्याकडे वळलो, पण विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण करबलाच्या खाली, दक्षिणेला, याच फुरातचं पाणी माणसांना आणि जनावरांना मिळू नये म्हणून अडवल्याची आणखी एक गोष्ट आहे. ती आपल्या हयातीतली आहे. तिच्याबद्दल आपल्या मराठी मुसलमान वाचकांत फारसं बोललं जात नाही. एक तर ती सद्दामची गोष्ट आहे, आणि सद्दामबद्दल आपल्याकडे १९९१ साली भिंतींवर काय काय लिहिलं गेलं होतं ते माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल.

दजला आणि फुरात बसऱ्याच्या वर कुर्नाजवळ एकत्र येतात. त्या संगमाच्या आसपास जमीन इतकी सपाट आहे की नद्यांना पुढे जाण्याची घाई नसते. उत्तरेकडच्या डोंगरांतला बर्फ वसंतात वितळायचा, पाणी पसरायचं आणि हजारो चौरस किलोमीटरवर थांबून राहायचं. त्या पाण्यात माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा बोरू वाढायचा. आम्ही लहानपणी तख्तीवर ज्या बोरूच्या कलमानं अलिफ-बे गिरवलं, त्याच जातकुळीचा. तिथले लोक या पाण्याला 'हौर' म्हणतात, अनेकवचन 'अहवार'. बोरूच्या मोळ्या कमानीसारख्या वाकवून ते घरं बांधतात, बोरूच्याच थरांवर तरंगती बेटं करतात, म्हशी पाळतात आणि 'मशहूफ' नावाच्या अरुंद होड्यांतून फिरतात. पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरी कोरीवकामात बोरूचं घर दिसतं, तेही जवळपास असंच. या लोकांना 'मअदान' म्हणतात. शहरी इराकी माणसाच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा येतो.

जुने अरब इतिहासकार या भागाला 'अल-बताइह' म्हणत. नवव्या शतकातला बलाजुरी आपल्या 'फुतूहुल बुलदान'मध्ये सांगतो की सासानी बादशहांच्या काळात इथं शेती होती. मग बंधारे फुटले, आणि हिजरी सनाच्या सहाव्या-सातव्या वर्षी इतका मोठा पूर आला की खुसरो परवेझला बंधारे पुन्हा उभे करता आले नाहीत. पुढे लढायांच्या धामधुमीत त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही आणि दलदल पसरत गेली. म्हणजे ही सगळी दलदल मुळात अनादी आणि अस्पर्श होती असं नाही. माणसानं बांधलेलं माणसाच्या हातून सुटलं, नदीनं ते परत घेतलं आणि बोरू, मासे, पाखरं आपोआप आली. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते, कारण २००३ नंतर जे घडलं त्याचा जुना नमुना ती आहे.

याच बलाजुरीच्या पुस्तकात हिंदुस्तानचा धागाही सापडतो. हज्जाज बिन यूसुफनं सिंधमधून 'जुत्त' लोकांना, म्हणजे जाटांना, बायकामुलं आणि म्हशींसकट आणून या दलदलीत वसवलं. मेसोपोटेमियात म्हैस त्याच्याही कितीतरी आधी माहीत होती, अक्कडी मुद्रांवर ती दिसते. पण दलदलीतल्या म्हशीवाल्यांच्या परंपरेत सिंधच्या या लोकांचा वाटा आहे, हे नक्की. पुढे हे जुत्त बळावले. बगदादला जाणारा माल अडवू लागले. खलिफा मुअतसिमच्या सरदारानं ८३४ मध्ये त्यांना नमवलं ते कसं? ते ज्या कालव्यांतून ये-जा करत, त्यांची तोंडं बंद करून. त्यानंतर पस्तीस वर्षांनी झंज गुलामांचं बंड झालं (८६९ ते ८८३). पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या या माणसांना बसऱ्याभोवतीच्या जमिनीवरचा खारट थर खरवडून काढण्याच्या कामाला जुंपलेलं होतं. त्यांनाही आसरा दिला तो याच पाण्यानं आणि कालव्यांनी.

आपल्या उर्दू इतिहासाच्या पुस्तकांत या दोन्ही प्रकरणांना 'फितना' असं एका शब्दात गुंडाळलेलं असतं. राजधानीत बसून दलदल पाहिली की ती तशीच दिसते: जिथं घोडदळ जाऊ शकत नाही, जिथं करवसुली होत नाही, जिथं पळालेला माणूस सापडत नाही अशी जागा.

मराठी माणसाचाही या बोरूशी एकदा संबंध आला. पहिल्या महायुद्धात नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतलं ते सहाव्या पूना डिव्हिजननं. तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुढे १९१५ च्या पुरात कुर्नाच्या वर सैनिकांना बोरूतून होड्या रेटत लढावं लागलं, आणि एप्रिल १९१६ मध्ये कुतला उपासमारीनंतर शरणागती झाली. सातारा-कोकणातल्या किती घरांत त्या मोहिमेचं पत्र आलं असेल, कोण जाणे. त्याच सैन्यातल्या काही हौशी अधिकाऱ्यांनी पक्षी, साप, उंदीर, फुलपाखरं यांचे नमुने गोळा केले आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवले. सोसायटीनं १९२३ मध्ये इराकच्या प्राणिजीवनाचं पुस्तकच काढलं. साम्राज्याच्या लढाईचा हा उपफळाचा भाग, पण आज कुणी विचारलं की 'दलदलीत परत आलेले जीव म्हणजे नेमके कोणते, आधी कोण होतं?', तर उत्तर शोधायला मुंबईचं हे जुनं दप्तर उघडावं लागतं.

त्या यादीत दोन पाखरं आहेत ज्यांच्यासाठी ही दलदल म्हणजे जवळजवळ सगळं जग. एक 'बसरा वटवट्या': तपकिरी, चिमणीहून फारसा मोठा नाही, बोरूतच घरटं करणारा. गंमत म्हणजे शास्त्राला तो पहिल्यांदा १८९१ मध्ये आफ्रिकेतून कळला, कारण हिवाळा तो पूर्व आफ्रिकेत काढतो. त्याची वीण मात्र जवळजवळ सगळी इराकच्या बोरूत. दुसरा इराकी सातभाई. आपल्या परसात कलकलाट करत हिंडतात त्या सातभाईंचा चुलतभाऊ, फक्त यानं बाभळीऐवजी बोरू निवडला.

आणि एक पाणमांजर. १९५६ मध्ये गॅव्हिन मॅक्सवेल हा स्कॉटिश लेखक विल्फ्रेड थेसिजरबरोबर दलदलीत फिरला. थेसिजर तिथं वर्षानुवर्षं राहिलेला माणूस, मॅक्सवेल पाहुणा. परतताना मॅक्सवेलनं मिजबिल नावाचं पाणमांजराचं पिल्लू बरोबर नेलं. लंडनच्या तज्ज्ञांनी पाहिलं तर ही उपजात शास्त्राला अपरिचित निघाली. तिला मॅक्सवेलचंच नाव दिलं गेलं. मअदान लोक हा प्राणी पिढ्यानपिढ्या पाहत होते, पण नाव पाहुण्याचं लागलं! मिजबिल पुढे स्कॉटलंडमध्ये एका मजुराच्या हातून मारलं गेलं. त्याची मूळ जात आपल्या ओळखीची आहे. कोकणात आणि गोव्याच्या खाड्यांत खारफुटीच्या कडेनं जे गुळगुळीत कातडीचे उद दिसतात, ते याच जातीचे.

दलदल कोरडी करण्याची कल्पना सद्दामची नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. १९५१ मध्ये फ्रँक हेग या इंग्रज अभियंत्यानं इराकच्या नद्यांवर अहवाल दिला होता. शेतीतलं खारं पाणी वाहून नेणारा मोठा चर आणि दलदलीच्या पाण्याचा 'उपयोग' हे दोन्ही त्यात होतं. त्या काळात जगभर बरेच अभियंते दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन आणि वाया गेलेलं पाणी असंच मानत. मग इराण-इराक युद्धात मजनून बेटांच्या आसपास बोरूत लढाया झाल्या, बांध घातले गेले. त्याच काळात वर तुर्कस्तानात धरणं उभी राहत होती. अतातुर्क धरण १९९० मध्ये भरायला घेतलं.

पण १९९१ नंतर जे झालं ते वेगळ्या जातीचं होतं. कुवेतच्या पराभवानंतर दक्षिणेतल्या शियांनी उठाव केला. तो चिरडला गेला तेव्हा उरलेले लोक बोरूत शिरले. सरकारनं तेच केलं जे ८३४ मध्ये केलं गेलं होतं, फक्त यंत्रांनी. ५६५ किलोमीटरचा 'तिसरी नदी' नावाचा कालवा डिसेंबर १९९२ मध्ये पुरा झाला. दुसऱ्या एका कालव्यानं दजलेच्या शाखांचं पाणी दलदलीला बगल देऊन खाली नेलं. त्याचं नाव 'नहर अल-इज्ज', इज्जतीची नदी. आणखी एकाचं नाव 'उम्मुल मआरिक', म्हणजे लढायांची आई. उर्दू जाणणाऱ्याला या नावांतला डंख भाषांतराशिवाय कळतो.

१९७० च्या दशकात या भागात सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर कायमची दलदल होती. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं उपग्रह-चित्रांच्या आधारे जाहीर केलं की तिच्यातली जवळपास नव्वद टक्के गेली आहे. उरला तो मुख्यतः इराणच्या सीमेवरचा हुवैझा हौर. ह्युमन राइट्स वॉचच्या अंदाजाप्रमाणे १९९१ मध्ये अडीच लाख मअदान होते. २००३ च्या सुरुवातीला आपल्या मूळ भागात उरले होते चाळीस हजारांच्या आसपास. गावं जाळली गेली होती. हजारो लोक इराणच्या छावण्यांत होते, बाकीचे शहरांच्या कडेला.

एप्रिल २००३ मध्ये सरकार कोसळलं आणि लोक फावडी, कुदळी, मिळालं तर एखादं यंत्र घेऊन बांधांवर गेले. कुठल्याही संस्थेची परवानगी नव्हती, आराखडा नव्हता. कुठं बांध फोडले, कुठं पंप बंद पाडले, कुठं पाटबंधारे खात्यातल्या लोकांनी दारं उघडली. त्या वर्षांत वरच्या भागात पाऊस-बर्फही बरा झाला होता. मार्च २००४ पर्यंत मूळ दलदलीच्या वीसेक टक्के भागात पाणी पोचलं, सप्टेंबर २००५ पर्यंत सुमारे एकोणचाळीस टक्के भागात. जगातल्या सर्वांत मोठ्या पाणथळ पुनरुज्जीवनांपैकी एक, आणि सुरुवात विस्थापितांच्या फावड्यांनी!

नासिरियात वाढलेले अझ्झाम अलवाश हे अभियंते अमेरिकेतून परतले आणि २००४ मध्ये त्यांनी 'नेचर इराक' संस्था काढली. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात अभियंता होते, लहानपणी ते त्यांच्याबरोबर होडीतून बोरूत फिरलेले. त्यांच्या संस्थेनं इराकी तरुणांना पक्षी मोजायला शिकवलं आणि २००५ पासून दर हिवाळ्यात, उन्हाळ्यात पाहणी सुरू केली. इकडे अमेरिकेतले कर्टिस रिचर्डसन आणि बसरा विद्यापीठातले नजाह हुसेन यांनी पाणी, माती, वनस्पती, मासे तपासले. बाहेर युद्ध चालू असताना ही माणसं बोरूत खारटपणा मोजत होती.

काय दिसलं त्यांना? पहिल्यांदा बोरू आला. त्याची मुळं-खोडं कोरड्या मातीत वर्षानुवर्षं जीव धरून राहतात. पाणी लागताच काही महिन्यांत हिरवे कोंब. मग पाण्यातले किडे, गोगलगायी. मग नदीतून मासे. आणि पाखरं तर पंखांवर येतात, त्यांना बांध फुटल्याची बातमी फार उशिरा लागत नाही. बसरा वटवट्या वीण करताना सापडला. सातभाई तर बऱ्याच ठिकाणी सापडला. मधल्या काळात तो फुरातच्या काठाकाठानं, कालव्यांतल्या बोरूच्या पट्ट्यांतून वर सीरिया आणि तुर्कस्तानपर्यंत दिसू लागला होता. आफ्रिकेतला सर्पमान्या तिरंदाज, शराटी, हिवाळ्यातली बदकं, कवड्या खंड्या परतले. संपलं असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं त्या मॅक्सवेलच्या पाणमांजराचे पुरावेही पुढे इराकी संशोधकांना मिळाले आणि २०१३ मध्ये त्यांनी ते छापले.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. बांध फोडला, पाणी आलं, जन्नत परत. मी स्वतः ती काही वर्षं अशीच सांगत होतो. पण पाहणीचे निष्कर्ष वाचले की ती इतकी सोपी राहत नाही.

पाणी सगळीकडे आलं, पण जीव सगळीकडे आला नाही. बारा वर्षं उन्हात तापलेल्या मातीत मीठ वर आलं होतं, तेच मीठ जे हजार वर्षांपूर्वी झंज गुलाम खरवडत होते. जिथं पाणी आत येऊन बाहेर वाहून जात होतं, तिथं मीठ धुऊन गेलं आणि बोरू दाट झाला. जिथं पाणी बांधांच्या मध्ये कोंडून राहिलं, तिथं ते उन्हानं आटून आणखी खारं झालं. वरून पाहिलं तर निळं तळं, आत फारसं काही नाही. जो हुवैझा कधी पूर्ण सुकलाच नव्हता तो बी-बियाणं आणि जीवांचा साठा ठरला. एकेक हौर दुसऱ्यापासून तुटलेला असल्यानं जातींची संख्या पूर्वीइतकी झाली नाही. सातभाईला पट्ट्यापट्ट्यानं सरकता येतं, माशाला बांधावरून चालत जाता येत नाही.

माशांची गोष्ट तर सगळ्यांत उदास. मअदानांचा लाडका 'बुन्नी' मासा परतला, पण पूर्वीसारखा नाही. त्याच्या जागेवर परके मासे बसले: कार्प, तिलापिया, आणि आपल्याकडची शिंगी, जी विसाव्या शतकात तिकडे नेऊन सोडली गेली होती. त्यात भर म्हणजे मासे मारण्यासाठी पाण्यात विजेचा झटका देण्याची सवय. पोट भरण्यासाठी करतात, हे खरं. त्या झटक्यात पिल्लं जातात, हेही खरं.

आणि घूस! संगमाजवळ मिळालेल्या मोजक्या नमुन्यांवरून एका वेगळ्या घुशीचं वर्णन १९८१ मध्ये खजुरिया या भारतीय प्राणिशास्त्रज्ञानं केलं होतं, ज्यांनी आसामच्या सोनेरी वानराला शास्त्रीय नाव दिलं तेच. सातभाईवर जितके डोळे आहेत तितके घुशीवर नाहीत. 'वन्यजीव परतले' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला पाखरं म्हणायचं असतं.

माणसांचंही तसंच झालं. काही हजार कुटुंबं परतली, बोरूची घरं पुन्हा उभी राहिली, म्हशीच्या दुधाची 'गैमर' पुन्हा बाजारात आली. पण दहा-बारा वर्षं शहरात वाढलेल्या मुलाला वीज हवी, शाळा हवी, दवाखाना हवा. त्यानं आजोबांसारखं होडीत राहावं आणि आपण त्याचे फोटो पाहावेत, ही अपेक्षा मला तरी पटत नाही. थेसिजरचं पुस्तक सुंदर आहे, मात्र त्यात हा दोष आहेच.

२०१३ मध्ये मधल्या दलदलीचा भाग इराकचं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. त्याच वर्षी अलवाश यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला. जुलै २०१६ मध्ये युनेस्कोनं चार हौर आणि ऊर, उरूक, एरिदू ही तीन प्राचीन शहरं मिळून जागतिक वारशाच्या यादीत घातली. यादीत नाव आलं तरी तुर्कस्तानच्या धरणाचं दार त्यामुळे उघडत नाही. इलिसू धरण भरलं गेलं. इराणनं करखेह नदीवर धरण बांधलं आणि हुवैझाच्या मधोमध सीमेवर बांध घातला. जो हौर बाकी सगळ्यांना बी पुरवत होता त्याचंच पाणी घटलं. इराकच्या आतही गहू-भाताला पाटानं सोडलेलं पाणी आधी, दलदल शेवटी. २००९ मध्ये दुष्काळ पडला, मग सावरलं. २०१८ मध्ये पुन्हा कोरडं, २०१९ च्या पुरात पुन्हा भरलं. २०२१ पासून सलग वाईट वर्षं आली. उरलेलं पाणी इतकं खारं झालं की म्हशी मेल्या. म्हशीवाले कळप घेऊन वर सरकले. कुणी नजफकडे गेले, कुणी करबलाकडे, फुरातच्या काठावर.

बसरा वटवट्याला यातलं काही कळत नाही. तो वसंतात आफ्रिकेतून निघतो आणि त्याच बोरूकडे येतो. एखाद्या वर्षी पाणी असतं, एखाद्या वर्षी वाळलेली खोडं.

गेल्या आठवड्यात वर्गात मी ही सगळी गोष्ट सांगितली, फळ्यावर दोन नद्या आणि त्यांची चार नावं काढून. तास संपताना त्याच मुलीनं विचारलं, "सर, मग आत्ता तिथं पाणी आहे का?" मी म्हणालो, कोणत्या हौरात आणि कोणत्या महिन्यात ते सांग, मग बघून सांगतो. तिनं वहीत लिहिलं: हुवैझा, मे.